फायबरच्या देवीचा कौल

पडद्यामागे काय असतं ते दाखवतो म्हणून माणसांना बोलवायचं, आणि एखादा खरंच पडद्यामागे गेला की शिट्टी वाजवून त्याला हाकलायचं, असला उद्योग मी गेल्या महिन्यात पाहून आलो. घाटापलीकडे एक मोठं मनोरंजन उद्यान आहे. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याची तळी आणि त्यातच सिनेमाचा एक स्टुडिओ. तो स्टुडिओ आतून दाखवायची सहल असते. उद्यानाचा वर्धापनदिन चालू होता आणि त्यानिमित्त ज्येष्ठ नागरिकांना प्रवेश फुकट होता. ही बातमी बायकोने घरी आणली. मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं.

पण नाही म्हणता येत नव्हतं, कारण प्रश्न आईचा होता. आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. कोरगावातल्या आमच्या घराच्या पायऱ्या चढली की ती खांबाला धरून उभी राहते आणि आपण काही अंगणातला सुपारीचा वाफा बघत नाही आहोत, दम खातो आहोत, हे कुणाला कळू देत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, झडप बदलावी लागेल, आणि लवकर. आईनेही तितक्याच स्वच्छपणे सांगितलं की देवीला विचारल्याशिवाय ती ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही.

आमच्याकडे घर बांधायचं असो, मुलीचं लग्न ठरवायचं असो, आधी देवळात कौल घेतात. भटजी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने आपली अडचण सांगायची, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता नेमकं आमच्या देवळाचं बांधकाम निघालेलं. देवी शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि नवी प्रतिष्ठा होईपर्यंत कौल बंद. कंत्राटदार चतुर्थीला म्हणतो शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, होईल, शिगम्याला म्हणतो चतुर्थीपर्यंत होईल. तोवर आईच्या झडपेने काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं.

माझी बायको पाळी गावची. तिथल्या देवळात कौल चालू होता. ती बिचारी म्हणाली, आई, आपण माझ्या माहेरी जाऊन विचारूया. आई म्हणाली, "आपल्या घरचां गाराणां पाळयेच्या देवाक कित्याक? तेका त्याच्या गावच्या माणसांचां काय थोडां आसा?" झालं, विषय संपला. मी घरात आदळआपट केली, म्हापशाच्या ऑफिसात लोकांवर डाफरलो, पण आई हलली नाही. तेव्हा बायकोने डोकं लढवलं की म्हातारीला जरा हिंडवून आणू, मन रमलं की ऐकेल. डॉक्टर म्हणाले, बसून फिरणार असाल तर न्या. म्हणून ती सहल.

फाटकावरच माझं डोकं फिरलं. बायकोने पहाटे उठून भाजी करून, पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे पाव बांधून घेतले होते. रखवालदाराने ते बाहेरचं खाणं म्हणून काढून घेतलं. वर छातीवर एक चकचकीत बिल्ला चिकटवला आणि "हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी" म्हणाला. पुढे दर दहा पावलांवर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने "हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी" म्हणत होतं. आईने बायकोला हळूच विचारलं, आज तुमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आणि मला सांगितलं नाही का? थर्माकोलची केकच्या आकाराची टोपी घातलेलं एक प्रचंड अस्वल आमच्याभोवती नाचलं. त्याच्यासोबत फोटो काढल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी त्या फोटोत कसा दिसतो ते बायको अजून लोकांना दाखवते.

पाळण्यांवर हृदयरोग्यांना बंदी, तशी मोठी पाटीच होती. म्हणून आम्ही सरळ स्टुडिओची सहल धरली. उघडी गाडी, तिला सहा डबे, आणि पुढे माईक घेतलेला एक तरतरीत गाइड. त्याने आम्हाला एक रस्ता दाखवला, ज्याची घरं एका बाजूने परदेशातली होती आणि दुसऱ्या बाजूने उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातली. एक रेल्वे स्टेशन दाखवलं, जिथे रूळ फलाटाबरोबर संपत होते. प्रत्येक ठिकाणी तो म्हणे, "आता तुम्ही पडद्यामागे आहात!" मी बघत होतो, आम्ही पुढेच होतो. मागची बाजू एकदाही दिसली नाही. बायको म्हणाली, "अहो, हळू बोला." मी काही बोललोच नव्हतो, नुसता श्वास सोडला होता.

मग देऊळ आलं. दगडी दिसणारं, दीपमाळ वगैरे असलेलं, आत काळीभोर देवी. गाइडने सगळ्यांना खाली उतरवलं. तो सांगू लागला की पिक्चरप्रमाणे हिची साडी आणि नाव बदलतं, पण शूटिंग सुरू होण्याआधी इथे खरा भटजी येतो, खरी पूजा होते, खरा नारळ फुटतो. हे वाक्य बोलायची त्याला काही गरज नव्हती. मी फुकट मिळालेलं पाणी पीत होतो. वळून बघतो तर आई शेजारी नाही.

आई देवीपुढे उभी. चपला उंबऱ्याबाहेर काढलेल्या. वर्धापनदिनाच्या तोरणातलं झेंडूचं फूल तिने तोडलं होतं आणि बाटलीतल्या पाण्यात पाकळ्या भिजवून एक देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या खांद्यावर चिकटवत होती. मी धावत गेलो आणि दात आवळून म्हणालो, "आये, काय करतंस? ही फायबरची देवी!"

"हिका गाव नाय," आई शांतपणे म्हणाली. "कोण काय विचारूक येणा नाय. मोकळी आसा. सांगात."

पाळीच्या देवाला फार काम म्हणून ज्या बाईने सहा महिने घालवले, तिला ही बेकार देवी चालली! मी तिला दंडाला धरणार होतो, पण तिने डोळे मिटले आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं. "हे देवी माते, आज तुझ्या ह्या ठिकाणार मी कोरगावची म्हातारी उभी आसंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी दचकलो. आमच्याच गाडीतून सावंतवाडीकडचं एक मोठं कुटुंब आलं होतं. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला आणि ती दहा-बारा माणसं सवयीने ओरडून मोकळी झाली. त्यांची तरी काय चूक? आमच्या मुलखात गाऱ्हाण्याला एकट्याने बोलू देत नाहीत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने तर डोक्यावरची वर्धापनदिनाची कागदी टोपी काढून हात जोडले.

"माझ्या काळजाचो दरवाजो आकसलो म्हणतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो बदलूचो असात तर उजवो दी, नको असात तर डावो दी. काय तां एक सांग, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाकीचे लोक मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. त्यांना वाटलं, हाही सोहळ्यातलाच कार्यक्रम. गाइड घड्याळाकडे बघत होता, कारण मागची गाडी येऊन थांबली होती. आणि मी, सांगायला हरकत नाही, मीही त्या पाकळ्यांकडे बघत होतो. उजवी पडू दे, एवढंच मनात होतं. फायबर असो नाहीतर पुठ्ठा, उजवी पडली की मी आईला घरी नेऊन थेट हॉस्पिटलात दाखल करणार होतो आणि देवी कशाची होती हा विषय जन्मात पुन्हा काढणार नव्हतो.

तेवढ्यात गाइड माईकवर ओरडला, "आता पाहा, सिनेमात वादळ कसं येतं!" आणि कोपऱ्यातला माणसाहून उंच पंखा सुरू झाला. धूळ उडाली, साड्या उडाल्या, तोरणं तुटली. डावी पाकळी उडून कुठच्या कुठे गेली. उजवी मात्र गोंद लावल्यासारखी खांद्यावर बसून राहिली.

"डावो दिल्यान," तो सावंतवाडीकडचा म्हातारा हळहळला.

आईचा चेहरा उतरला. ती चपला शोधू लागली आणि दोन्ही चपला समोर असून तिला त्या सापडेनात. मला असा संताप आला की पंख्यावर येतोय, गाइडवर येतोय की आईवर, तेच कळेना. मी तिचा हात धरला आणि सरळ देवळाच्या मागच्या बाजूला निघालो. गाइडने शिट्टी वाजवली. मागे जायला परवानगी नाही म्हणे! मी ओरडलो, "मग इतका वेळ कसली सहल दाखवतो आहेस?" आणि थांबलो नाही.

मागे लोखंडी पाइप, वाळूच्या गोण्या आणि प्लायवूड. देवीची पाठच नव्हती. आत सगळं पोकळ होतं आणि त्या पोकळीत कुणीतरी झाडू आणि जेवणाचा डबा ठेवला होता. "बघ," मी म्हणालो, "ही तुझी देवी. आणि तो पंखो बघ. पंख्यान उडयली पाकळी. हेतूर देव खंय आसा?"

आईने नीट बघितलं. डब्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग गोणीवर बसली, कारण तिला दम लागला होता.

"म्हणजे ही देवी न्हय."

"न्हय."

"मगे तिना नाय म्हटलां, तांय खरां न्हय."

"तेंच तुका सांगतंय मी!"

"बरां," आई म्हणाली. "मगे आता व्हय कोण म्हणतलो?"

"डॉक्टर म्हणतत ना!"

"डॉक्टर म्हणता, सांगूचां आमचां काम, ठरवा तुमी. सून म्हणता, आई तुमका वाटता तसां. आणि तू म्हणतस, डॉक्टर म्हणता." ती माझ्यावर रागावली नव्हती, ही त्यातली वाईट गोष्ट. "माका एकान तरी सांगूक होया रे. देवळां बंद. तू सांग. करू काय नको?"

मी तोंड उघडलं. सहा महिने मी ह्याच विषयावर घसा कोरडा केला होता. आता मात्र डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलेलं सगळं मला आठवलं, ह्या वयात काय काय होऊ शकतं ते. तिकडे शिट्टी वाजत होती, बायको "अहो, गाडी सुटते" म्हणून हाका मारत होती, आणि आई गोणीवर बसून, देवळात बघतात तशी, माझ्याकडे बघत होती. मला तिच्या त्या बघण्याची भीती वाटली.

"कर, आये," मी म्हणालो.

"बरां," ती म्हणाली, माझा हात धरून उठली आणि गाडीत जाऊन बसली. उरलेली सहल तिने मजेत पाहिली. अस्वलाबरोबर दुसरा फोटोही काढून घेतला.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. काल शेजारीण येऊन विचारत होती, कौल मिळाला का गे? आई म्हणाली, "मिळालो मगे. माझ्या झिलान दिलो." तिचा झील म्हणजे मी आतल्या खोलीत होतो, बाहेर आलो नाही. देवाचा कौल चुकला तर आमच्याकडे माणसं म्हणतात, आपल्या गाऱ्हाण्यात काही राहून गेलं असेल. माझा चुकला तर असं म्हणायची सोय नाही. आई दोन वेळा व्यवस्थित जेवते आहे, हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवते आहे, आणि मी रोज अर्ध्या जेवणावरून उठतो आहे.