किलोभर गॅस

निपाणीचा कृष्णात तीस वर्षं बेंगळुरात एसी दुरुस्त करतोय. त्यातली अठ्ठावीस वर्षं त्यानंही धंद्याची रीत पाळली. पाना लावायचा, नळी सैल करायची, आतला गॅस फुस्सकन हवेत सोडायचा आणि चहाला जायचं. मग एका दोन दिवसांच्या वर्गात मास्तर म्हणाले, किलोभर हा गॅस पृथ्वी तापवायला जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो. कृष्णात त्या दुपारी जेवला नाही. पुढच्याच महिन्यात त्यानं गॅस ओढून सिलिंडरात भरणारं जुनं मशीन घेतलं. ते धूड स्कूटरला बांधून फिरतो म्हणून जोडीदार त्याला गॅसस्वामी म्हणायला लागले.

मशीनला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला दम नसतो. ज्या ॲपवरून कामं यायची तिथले त्याचे तारे घसरत गेले. एप्रिलात ॲपच्या ऑफिसनं बजावलं, आणखी एक वाईट शेरा आला की आयडी बंद.

तशात कोरमंगलाच्या शार्दूलचं काम आलं. पुण्याचा पोरगा. कंपन्यांना कार्बन कसा कमी करायचा हे शिकवायचं, हाच याचा पगारी उद्योग. शिकार केलेल्या सांबराचं मुंडकं टांगावं तशी सायकल भिंतीवर टांगलेली, दोन्ही चाकांत हवा नाही. एसीचा कॉम्प्रेसर बसलेला, आणि साहेबांची अकराला लॅपटॉपवर मीटिंग.

कॉम्प्रेसर बदलण्याआधी आतला गॅस काढायला अर्धा तास लागेल म्हटल्यावर शार्दूल वैतागला.

"दादा, सोडून द्या ना हवेत. सगळे तेच करतात."

"तुम्हीच शिकवतायसा न्हवं लोकास्नी?"

"अहो, ते कंपन्यांसाठी असतं."

गॅलरीत पाना नटावर होता. पाव फेरा दिला असता तर आयडी वाचला असता. कृष्णातनं पाना खाली ठेवला आणि मशीनची नळी जोडली.

मशीन घरघरायला लागलं तशी मीटिंगमधल्या बाईंनी विचारलं, हा कसला आवाज? शार्दूल क्षणभरच गडबडला. मग लॅपटॉप उचलून गॅलरीत आला, कॅमेरा मशीनवर धरला आणि सांगितलं, मी घरचा गॅससुद्धा हवेत जाऊ देत नाही, इट्स अ पर्सनल चॉइस. पलीकडून टाळ्या पडल्या. कृष्णात मान खाली घालून मशीनचा काटा बघत राहिला.

काम आटपून तो खाली स्कूटरपाशी पोचायच्या आत मोबाइलवर एकच तारा येऊन पडला. शेरा होता: स्लो, फार आवाज. संध्याकाळी आयडी बंद.

घरी लेकीनं, पवित्रानं, मोबाइल पुढं धरला. शार्दूलनं फोटो टाकला होता. त्यात मशीन होतं, सिलिंडर होता आणि कृष्णातचा कोपरापर्यंतचा हात. खाली लिहिलं होतं, आज मी दोन टन वाचवले. साडेचारशे लोकांनी वाहवा केली होती.

कृष्णातनं फोटो नीट निरखला.

"सिलिंडर तर अजून माझ्या स्कूटरला बांधलाय की," तो म्हणाला, आणि तो सोडवायला खाली गेला.