बारशाला नेलेली सर्दी

धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं माहेरी, जयसिंगपूरला होतं. त्याच सकाळी माझ्या तीन वर्षांच्या लेकीचं नाक वाहायला लागलं. अंगही जरा कोमट होतं. मी तिला सर्दीचं औषध पाजलं, नवं परकर-पोलकं घातलं आणि कोल्हापुरातून एसटीत बसले. सख्खी मावशी आली नाही तर चार बायका बोलतील, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे मलाच जायचं होतं.

लेकीनं पाळण्यात वाकून बाळाचे दोनदा मुके घेतले. मी पाहिलं. पण सगळ्यांदेखत तिला मागं ओढायला नको वाटलं.

पाचव्या दिवशी बहीण बाळाला घेऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात आली, मीही तिथं गेले. बाळ दूध ओढत नव्हतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला सर्दी झाली होती?"

बहिणीनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नाही, कुणालाच नाही."

व्हायरल आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ऑक्सिजन लावला. तीन दिवस बहीण वाटीत दूध काढून द्यायची, नर्स ते नळीनं पाजायची. मी डबा न्यायचे, दुपटी धुऊन आणायचे, दुपारी बाळाजवळ बसून बहिणीला तासभर झोपायला लावायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई तिला म्हणाली, "असली भन मिळायला नशीब लागतंय की." मी मान वर न करता दुपट्यांच्या घड्या घालत राहिले.

चौथ्या दिवशी ऑक्सिजन निघाला. बाळ अंगावर पोटभर प्यायलं. तेव्हा कुठं मला धीर झाला.

"बारशाला आले तेव्हा लेकीला सर्दी होती," मी म्हणाले. "औषध देऊन आणलेली तिला."

बहीण बाळाची पाठ थोपटत होती. "ठाऊक हाय. तू तिचं नाक पुसताना बघितलंतं मी. आलेल्या बहिणीला माघारी जा कसं म्हणायचं?"

"मग डॉक्टरांना का सांगितलं नाहीस?"

"तू न्हाय म्हणालीस की."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बाळ आता चालायला लागलंय. दोघींनी माहेरी जमायचं ठरलं की निघायच्या आधी बहिणीचा फोन येतो, "पोरगी बरी हाय न्हवं?" मी खरं तेच सांगते. तरी ती म्हणते, "दे जरा तिच्याकडं फोन." लेक मावशीशी बोलते, आणि बहीण तिकडून तिचा आवाज नीट ऐकून घेते.