आधी दूध, मग तुझी परीक्षा

परवा नातवाच्या फ्लॅटचं शिफ्टिंग ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, "प्लॅनिंग परफेक्ट असलं की काही त्रास होत नाही"... आणि माझं डोकंच फिरलं. परफेक्ट प्लॅनिंग मी पाहिलंय बाबांनो, सोलापुरात, पन्नास वर्षांपूर्वी! सांगतेच आता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही पूर्व भागातल्या दोन खोल्या सोडून लांबच्या एका नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहायला जाणार होतो. लग्नामुळे माझी शाळा अर्धवट सुटलेली, म्हणून त्या वर्षी मी बाहेरून मॅट्रिकला बसले होते. वर्षभर घरकाम उरकून, मागांच्या खडखडाटात अभ्यास केला होता.

घर बदलण्याची सगळी सूत्रं माझ्या थोरल्या दिरांकडे, म्हणजे भावजींकडे. त्यांनी मुहूर्त काढून आणला तो नेमका माझ्या पहिल्या पेपरच्या सकाळी नऊचा! मी भीत भीत सांगितलं, तर म्हणतात कसे, "परीक्षा काय, ऑक्टोबरला पण असते की. मुहूर्त परत येतोय होय?"

आणि आमचे हे? मोठ्या भावापुढे तोंड उघडायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम...

भावजींनी सामानाची वही केली होती. झारा, चिमटा, उंदराचा सापळा, सगळं नंबर टाकून लिहिलेलं. माझा पेपर मात्र त्या वहीत कुठेच नव्हता.

आता आमच्यासारख्या मागवाल्यांच्या घरात सामान बांधायला खोकी कोण आणतंय? विणताना चूक झालेल्या चादरी बाजारात जात नाहीत, त्या घरातच साठतात. सगळ्या एकाच नक्षीच्या, लाल-काळ्या. त्यातच तेवीस गाठोडी बांधली आणि भावजींनी प्रत्येकावर खडूने नंबर घातला. चादरीवर खडू! शाबास!

मी नळावर शेवटची कळशी भरायला गेले, तेवढ्यात माझी पुस्तकंही बांधून झाली. हॉल तिकीट त्या पुस्तकांतच होतं. मी येईपर्यंत हातगाड्या निघालेल्याही होत्या.

नव्या घरात पोचले तर हॉलमध्ये गाठोड्यांचा डोंगर. रस्ताभर एकमेकांवर घासून खडूची नुसती पांढरी धूळ झालेली, एक नंबर दिसेल तर शपथ. वहीत लिहिलेलं, चौदा नंबर, पुस्तकं. चौदा नंबर कुठला? हातगाडीवाला म्हणाला, "सगळी सारकीच की वो बाई, मला काय कळतंय!"

मी एक गाठोडं सोडायला गेले, तर भावजी ओरडले. नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय सामान उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि दूध ठेवलं होतं वातीच्या स्टोव्हवर... त्याची ज्योत करंगळीएवढी! नऊ वाजून गेले, साडेनऊ झाले, दुधावर साधी सायसुद्धा धरेना. पेपर अकराला, सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"माझं हॉल तिकीट आत आहे हो," मी म्हणाले. वहीतून मान वर न करता भावजी म्हणाले, "आधी दूध."

असा संताप आला की वाटलं, ते पातेलं स्टोव्हसकट तिसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावून द्यावं. पण मी काय केलं? पदर तोंडाला लावून रडत उभी राहिले. त्या रडण्याचाही मला अजून राग येतो.

तेव्हा अत्तम्मा उठल्या. अत्तम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या घरात तेलुगू बोलतात. भावजींच्या शब्दाबाहेर त्याही कधी जायच्या नाहीत. सकाळी सामान बांधताना एकेक चादर उलगडून देण्याचं काम तेवढं त्यांच्याकडे होतं.

त्या गाठोड्यांपाशी गेल्या आणि चादरीच्या कडा बोटांत धरून चाचपायला लागल्या. ह्यात दोरा तुटला होता, ही नव्हे... ह्यात मागाचा धोटा अडकला होता, हीपण नव्हे... मागावरून उतरलेली प्रत्येक चादर वर्षानुवर्षं त्यांनीच तपासलेली. आम्हाला सगळ्या सारख्या, त्यांना प्रत्येकीची चूक पाठ! आणि कुठल्या चादरीत काय बांधलं तेही.

सहाव्या की सातव्या गाठोड्याला त्यांनी हात घातला. भावजी "अम्मा!" म्हणून ओरडले. अत्तम्मांनी गाठ सोडता सोडताच त्यांना तेलुगूत सुनावलं. मराठीत सांगायचं तर, "दूध जाईल सावकाश उतू. त्याला काय पेपर आहे?"

आत माझी पुस्तकं! त्यांतून पत्रं, पावत्या, कसले कसले कागद गळाले. त्यांनी ते सगळे गोळा करून माझ्या ओंजळीत घातले आणि हळूच म्हणाल्या, "यातलं कुठलं ते तू बघ. मला वाचता येत नाही."

ह्यांनी मुकाट्याने सायकल काढली. घंटा होता होता मी वर्गात पोचले. पास झाले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले. भावजी मात्र मरेपर्यंत सांगत राहिले, "माझ्या प्लॅनिंगमुळे एक कप फुटला नाही." त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो घालवायची मला इच्छाही नाही.

पण हे लिहिताना दुसराच राग वर आलाय...

अत्तम्मा त्यानंतर अठरा वर्षं माझ्याजवळ होत्या. मी पहिलीचा वर्ग घ्यायचे. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की त्या शेजारी येऊन बसायच्या, पानं न्याहाळत राहायच्या. गावातल्या किती पोरांना मी हात धरून अक्षरं गिरवायला शिकवली... अत्तम्मांना "शिकायचंय का?" असं मी एकदाही विचारलं नाही.