विचारल्याशिवाय बघायचं नाही

यिक्के बोनस्त्राच्या खिडकीला पडदा नाही. संध्याकाळी दिवा लावून ती जेवायला बसते आणि बागेतून जाणाऱ्याला तिच्या ताटलीतलं गाजरसुद्धा दिसतं. हार्लेममधल्या आमच्या हॉफ्यात सगळ्यांचंच असं आहे. एका फाटकाच्या आत, बागेभोवती अकरा चिमुकली घरं, त्यात साठी उलटलेल्या आम्ही अकरा एकट्या बायका, आणि भाडं नावापुरतं. पडदे ओढून बसणारीबद्दल इथे लगेच कुजबुज सुरू होते.

पण हीच यिक्के इंटरनेटवर बसली की तिच्यासारखी सावध बाई सबंध गावात सापडायची नाही. संगणकाच्या कॅमेऱ्यावर तिनं जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, तोही चांगला ओळभर लांब. अपडेट आलं की हातातलं विणकाम टाकून आधी ते करणार. बँकेच्या नावानं लिंक आली तर तिला बोटही लावणार नाही. सायकल काढून थेट बँकेत जाऊन विचारून येणार. दुकानांना तर ती जन्मतारीख बिनदिक्कत खोटी देते. त्यामुळे तिला वर्षभर वाढदिवसाच्या सवलती येत असतात.

"चपलांच्या दुकानाला माझं वय कशाला हवं?" ती म्हणते. "पाय वाढणार आहेत का माझे अजून?"

उभं आयुष्य तिनं सायकलवरून टपाल वाटलं. पोस्टकार्ड उघडं असतं, पण तिनं एकही कधी वाचलं नाही. वाचता येतं म्हणून वाचायचं नसतं, हे ती इतक्यांदा ऐकवते की कान किटतात. मला ती जरा चक्रमच वाटायची, आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही.

मग गेल्या शरदात विश्वस्त मंडळानं घरोघरी टॅब वाटले. सोबत दाराला, फ्रिजला आणि पलंगाला लावायच्या छोट्या डब्या. आम्ही कधी उठलो, कधी बाहेर पडलो, सगळं टॅबमध्ये जमा होणार आणि ते मंडळाला आणि आमच्या मुलांना दिसणार. कुणी घरात पडली तर लगेच कळावं म्हणे. मंडळाचे अध्यक्ष टेरबोर्ग, गळ्यात रेशमी रुमाल, बोलणं लोण्यासारखं. दहा जणींनी सह्या केल्या, त्यात मीही. यिक्केनं केली नाही.

टेरबोर्ग तिच्या दारात आले तेव्हा मी शेजारी गुलाब छाटत होते. म्हणजे कान तिकडेच होते.

"बोनस्त्राबाई, नव्या करारात ही अटच आहे. सही नसेल तर घर सोडावं लागेल," ते म्हणाले. "आणि तुमची खिडकी तर सताड उघडी. लपवायचं आहे तरी काय?"

"खिडकीतून जो मला बघतो, त्याला मीही बघते," यिक्के म्हणाली. "या डबीतून मला कोण बघतंय ते मला दिसतं का?"

"तुम्ही हट्ट करताय."

"करतेय."

ते गेल्यावर मी तिला चांगलं झापलं. "अगं, या वयात कुठे जाशील? या भाड्यात तुला सायकल लावायलाही जागा मिळायची नाही. डबी काय चावते का?"

"तुझी मुलगी तुला अजून काही बोलली नाही वाटतं," यिक्के म्हणाली. "बोलेल."

बोलली की. एका रविवारी उट्रेख्तहून माइकेचा फोन आला. "आई, काल रात्री नऊला तुझं दार बंद झालं ते थेट आज सकाळी सातला उघडलं. पलंगावर कुणी नाही. होतीस कुठे?"

मी नदीपलीकडे एव्हर्टकडे होते. विधुर आहे, वाटाण्याचं सूप झकास करतो, आणि पुढचं कुणी विचारायचं कारण नाही. पण मी पोटच्या पोरीला खुलासे देत बसले, शाळा बुडवताना सापडलेल्या मुलीसारखी. फोन ठेवला तेव्हा संतापानं माझं डोकं फिरलं होतं. तिनं तरी काय केलं? तिला आयतं दाखवलं, तिनं बघितलं. दाखवायची परवानगी मीच दिली होती, शाईच्या पेनानं.

यिक्केला शेवटची संधी म्हणून मंडळानं आम्हा सगळ्यांना आपल्या दालनात बोलावलं. कॉफी आली, एकेक बिस्कीट आलं. टेरबोर्गनी आपला टॅब टेबलावर ठेवला. त्यात सगळ्या घरांची माहिती एकत्र दिसते, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. "आणि पूर्ण सुरक्षित. माझा गुप्त आकडा माहीत असल्याशिवाय कुणी उघडू शकत नाही."

"जरा जाऊन येते," म्हणत यिक्के संडासात गेली.

आता, वाढदिवसांचं कॅलेंडर आमच्याकडे संडासातच टांगतात. बसल्याबसल्या आठवण राहते. दालनाच्या संडासातही ते आहे आणि त्यावर विश्वस्तांचे वाढदिवस आहेत, जन्मसालासकट. यिक्के परत आली, टॅब आपल्याकडे ओढला आणि टेरबोर्ग तोंड उघडेपर्यंत त्यांच्या जन्मतारखेचे आकडे दाबून मोकळी झाली. टॅब टिंग करून उघडला.

त्यात माझा पलंग होता.

आवाज होताच यिक्केनं टॅब टेबलावर उपडा घातला. "मी काही वाचलं नाही," ती म्हणाली. "वाचता आलं असतं. तुम्ही वाचता का, टेरबोर्ग?"

ते लालबुंद झाले. "हा गुन्हा आहे. घर गेलंच समजा तुमचं."

"घ्या ना मग." तिनं किल्ल्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. "फक्त एक करा. ही बाई कधी झोपते ते आम्हाला सांगत नाही, म्हणून तिचं घर काढून घेतोय, असं या सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणा. आणि उचला."

मी पर्स उघडली. माझ्या किल्ल्या मी तिच्या किल्ल्यांशेजारी ठेवल्या. "माझ्याही घ्या. आणि एव्हर्टबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर मला विचारा."

"कोण एव्हर्ट?" शेजारची कोरी कुजबुजली, आणि उत्तराची वाट न बघता तिनंही किल्ल्या ठेवल्या. पाठोपाठ आणखी दोघींनी. सगळ्यांनी नाही. बेर्टा दोनदा घरात पडली आहे, तिला डब्यांचा आधार वाटतो. ती अवघडून बसली होती.

"तू ठेव गं डब्या," यिक्के तिला म्हणाली. "तुला हव्यात. सक्ती नको, एवढंच."

टेरबोर्ग किल्ल्यांकडे बघत राहिले. दोनदा घसा खाकरला, पण ते वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. शेवटी टॅब काखेत मारून, अटीचा पुन्हा विचार करू, असं काहीसं पुटपुटत ते बाहेर पडले. किल्ल्यांना त्यांनी हातही लावला नाही.

यिक्केनं उरलेली कॉफी संपवली, आपल्या किल्ल्या उचलल्या आणि ती आपल्या घरी गेली.