अर्ध्या भरवशाचा रस्ता

घरपोच ऑक्सिजन सिलिंडर पुरवणाऱ्या एका दुकानासाठी मी नकाशा करत होते. गोदामं दोनच होणार होती. एकाचा रस्ता तुटला तर दुसऱ्याने पेशंटपर्यंत पोचायचं. कॉलेजात शिकलेला फजी ग्राफ इथे कामी आला. त्यात रस्ता नुसता चालू किंवा बंद नसतो. प्रत्येकाला शून्य ते एकच्या मधला भरवसा द्यायचा. तो ठरवायला मी टेम्पोवाल्यांच्या मागे लागायचे. "पावसात गाडी जाते का?" विचारलं की "जाते ना ताई!" एवढंच उत्तर. आमच्याकडच्या माणसाला 'नाही' म्हणायला जणू पैसे पडतात. मग मी खोदून विचारायचे, बाईक जाते की भरलेला टेम्पो? तेव्हा कुठे "तसं म्हटलं तर बघावं लागतं" बाहेर यायचं.

मालक वैतागायचे. "मॅडम, रस्ता है की नहीं, सीधा बोला ना!" पण मला बेधडक 'हो' म्हणणाऱ्यांचा रागच यायचा.

गोदामं ठरली अंबरनाथला आणि उल्हासनगरच्या कॅम्प पाचला. बदलापूरला एकही नाही, आणि माझी आई तिथल्याच शिरगावात, चोवीस तास ऑक्सिजनवर. हिशोब बरोबर होता. तरी त्या दिवसापासून आभाळ भरून आलं की मी आईकडे जाऊन राखीव सिलिंडर तपासायचे.

मग एका दुपारी नदी चढली. वीज गेली, आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. राखीव सिलिंडर लावला खरा, पण त्याचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. सरळ रस्ता पाण्याखाली. दुकानातून सिलिंडर मागवला होता, टेम्पोवाल्याला फोन लावला.

"जांभूळ गावावरून वळसा मारतोय," तो म्हणाला. "पण ताई, त्या रस्त्याला तुम्हीच अर्धा भरवसा दिलाय ना?"

अर्धाच दिला होता.

आईने मास्क जरा बाजूला सारून विचारलं, "येतोय ना गं तो?"

"हो," मी म्हणाले.

तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि आमचा काटा लाल पट्ट्यात. त्याला चहा विचारायचंही मला सुचलं नाही, दारातच रडले.

दुसऱ्या दिवशी मालक खुशीत होते. "देखा? रस्ता मजबूत निकला. आता नंबर वाढवा त्याचा."

मी वाढवला नाही. आईला 'हो' म्हटलं, तेव्हाही तो अर्धाच होता.