सुभेदारांनी दिलेला झोपायचा हुकूम

माझा थोरला भाऊ अर्जुना, म्हंजी तुझ्या बापाचा मामा. तू त्येला न्हाई बघितलंस, स्वानंदे. आमी आण्णा म्हनायचो. सातारच्या बाजूला आमचं गाव, घरटी एक मानूस फौजंत. आण्णा बी ग्येला आन हवालदार हून आला. पेन्शनीत आला तरी दाढी आन बुटाला पालिश झाल्याबिगर च्या घ्यायचा न्हाई. उसाला पानी पाजाय जायचा ते बी बूट घालून! वैनी म्हनायची, "आवं, चिखलात कोन बघतंय बूट?" तर म्हनायचा, "मी बघतोय की."

दर भाऊबीजंला यष्टी धरून सांगलीला माझ्याकडं यायचा. तुझा बाप तवा कुपवाडच्या कारखान्यात व्हता. सत्त्यान्नव सालची भाऊबीज. आण्णा पाटावर बसला, मी ताट उचललं, तर हा घामानं चिंब. म्हनतोय, "मने, करंज्या लय झाल्या, वायू धरलाय." तुझ्या बापानं आयकलं न्हाई. रिक्षात घालून दवाखान्यात न्हेला. हार्ट अटॅक निघाला.

डाक्टरनं मांडीच्या सांध्यातनं बारीक नळी घातली ती पार काळजापातूर, आन तुंबल्याली शीर आतनं फुगा फुगवून हुगडली. आमच्याकडं ह्ये नवंच. मी म्हनले, "दुखनं छातीत आन भोक मांडीला?" आण्णा पडल्या पडल्या हासला. "पाटाचं पानी तुंबलं तर वरनंच मोकळं करत यावं लागतंय, मने."

डाक्टर पोरसवदाच व्हता, पन मायाळू. मला बाजूला घिऊन म्हनला, "आजी, शीर परत बंद पडू नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध दिलंय. त्यामुळं मांडीची जखम लवकर धरत नाही. त्यात वय झालेलं, नसा नाजूक. तिथनं रक्त सुटलं तर जिवावर बेतेल. उद्या संध्याकाळपर्यंत पाय सरळ, उठायचं नाही." जखम दाबून ऱ्हावी म्हनून वर वाळूची पिशवी ठिवली आन मला राखनीला बसीवलं.

दुसऱ्या दिशी दुपारी दारात ह्या एवढ्या पांढऱ्या मिशा दिसल्या. सयाजी सुभेदार! आण्णाच्या पलटनीतलं. कळलं तसं सातारवरनं आलं बिचारं. त्यांस्नी बघितलं आन आण्णा, "जय हिंद, साब!" म्हनत ताडकन अर्धा हुटला, कांबळ्यात टाचंला टाच लावून. मी वरडले, "आरं आण्णा, पाय!" तर गपकन परत निजला आन कांबळं छातीवर वढून घ्येतलं.

मंग काय, दोघांच्या ग्वाष्टी! बर्फात गोठल्याली डाळ, पळून ग्येलेलं खेचर... सुभेदार आपलं रंगात आलं. आण्णा आधी हासत व्हता, मंग नुसता हुं हुं. मी टोमना मारला, "खेचर तूच धरलंस म्हनून सांगायचास की. आज इसरलास व्हय?" बोल्ला न्हाई. त्वांड राखंवानी. कांबळ्यात हात घातला तर वाळूची पिशवी सरकल्याली आन हाताला वलं, गरम.

"आण्णा! आरं बोल्ला का न्हाईस?"

"साब बसल्यात," हळूच म्हनतोय. "त्यांच्या म्होरं काय कन्हायचं?"

डाक्टर पळत आला. दोनी हातांनी जखम दाबून धरली, सोडंचना. वर रगताची बाटली लावली. आण्णाला कळ सोसंना, गुडघा वर घ्यायला बघायचा. "आजोबा, हलवू नका!" डाक्टर म्हनतोय, पन आण्णाच्या कानात शिरंल तर. मी हात धरून रडतीया. तवा सुभेदार खुर्चीवरनं हुटलं आन असं गरजलं का सगळा वार्ड गप.

"हवालदार अर्जुना! टांग सीधी! लेटे रहो!"

आण्णा काठीवानी सरळ.

"आन आयक. म्होरं मी कवाबी येऊ दे, हुटायचं न्हाई. हुकूम हाय."

"जी, साब."

लय येळानं रगात थांबलं. डाक्टर हात पुसत हासला. "सुभेदारसाहेब, तुम्ही रोजच येत जा."

वाचला गं माझा आण्णा. रगात पातळ व्हायची गोळी घरी बी चालूच व्हती, तवा वैनीनं त्येचा वस्तरा लपीवला. दाढी वाढल्याला आण्णा मी तवाच पयल्यांदा बघितला! सुभेदार जत्रंला यायचं. आण्णा बाजंवर पाय लांब करून पडल्या पडल्या जय हिंद करायचा. ते म्हनायचं, "आरं बरा झालास की, हूठ आता. गमतीनं बोल्लो व्हतो."

"फौजंत गमतीचा हुकूम नसतोय, साब!"

मंग दोगं बी खोकस्तवर हासायचं.

दोन वर्सांनी सुभेदारच आधी ग्येलं. आण्णासंगं मी बी ग्येले सातारला. ह्यो आजारी मानूस म्हनून लोकांनी आंगनात खुर्ची दिली. म्होरं तिरडीवर सुभेदार, त्यांच्या मिशांकडं बघत बसला लय येळ. मंग माझ्या खांद्याला धरून हळूहळू हुटला, टाचंला टाच लावली, हात कपाळाला न्हेला. मी म्हनले, "आण्णा, बस की रं, हुकूम हाय न्हवं?"

"व्हय," म्हनला, "पन आज ते झोपल्यात, मने."