फितीआडची खुर्ची

नणंदेच्या तोंडातून पू माझ्या हातावर सांडला आणि मी हात लांब धरला. तिची सूज गालावरून मानेत उतरली होती. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता. त्यातला अर्धा दोष माझा. आठ दिवस तिच्या हिरडीला मीच बिब्याचं तेल लावत होते. वस्तीत दाढदुखीला दुसरा दवाखाना नव्हता. हिरडी भाजून निघाली, तरी ती म्हणे, "लाव वं वहिनी, अजून लाव." आणि मी लावत गेले.

त्या दिवशी विहारात दातांचं शिबिर होतं. दंत कॉलेज तेव्हा नवीनच निघालं होतं. डॉक्टर त्यांचे, मांडव शहरातल्या एका महिला मंडळाचा, आणि घरोघर सांगून माणसं आणली आम्ही विडी वळणाऱ्या बायांनी. डॉक्टरीण नऊलाच आली. आत खुर्ची मांडून, हात धुऊन बसली. पण दाराला लाल फीत बांधलेली, आणि ती कापायला पाहुणे यायचे होते.

अकरा वाजले. मी मंडळाच्या बाईला म्हटलं, "बाई, हिचा दम कोंडून राहिला."

"पाहुणे आले की पहिला नंबर तुमचाच." तिनं नाकाला पदर लावला होता.

"काहून, दाढ पाहुण्याची दुखून राहिली का?"

रांगेतल्या बाया हसल्या. ती नाही हसली. "काही शिस्त असते की नाही?"

विडीची पानं कापायची कात्री माझ्या कमरेच्या पिशवीत असायचीच. ती काढली आणि फीत कापली.

नणंदेची मान चाचपून डॉक्टरीण ओरडली, "हे इथलं काम नाही, गाडी काढा!" कॉलेजच्या गाडीतून आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं गळ्याला बाहेरून चीर देऊन पू काढला. विहारातून गाडी निघाली तेव्हा मंडळाची बाई विचारत होती, आता पाहुणे काय कापतील? हातावरच्या पुवाची किळस साबणानं गेली. त्या बाईची अजून येते.

पुढं कॉलेजची गाडी दर गुरुवारी येऊ लागली. नंबर आम्ही लावायचो. बिबा लावून कोणी आली, तर शिव्या मी द्यायची.

नणंद वाचली. चार दाढा गेल्या, गळ्यावर वण राहिला.